एकाच इंजिनात दोन ‘ई-३’: कॅमशाफ्टच्या कॅपच्या नावाखाली झालेली फसवणूक

इंजिनातली कॅमशाफ्टची कॅप फुटली आहे, असे एखाद्या गॅरेजवाल्याने तुम्हाला सांगितले आणि दोन दिवसांत ‘नवीन, ओरिजिनल’ कॅप बसवून गाडी दारात आणून उभी केली, तर पैसे देण्यापूर्वी हा अनुभव जरूर वाचावा. मला तो एकूण ७६,२०० रुपयांना पडला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणारा फिरता दांडा आणि कॅप म्हणजे त्याला वरून जागेवर धरून ठेवणारा तुकडा.

माझी गाडी २०१२ सालची आहे. इंजिन चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे, १.२ लिटरचे. गाडी ८६,००० किलोमीटर चालली होती आणि तिने तोवर फारसा त्रास दिलेला नव्हता. टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून ऑइल पाझरून गरम सायलेन्सरवर पडत असे आणि सिग्नलला थांबलो की जळका वास येई. शिवाय सकाळी गाडी सुरू केल्यावर टिकटिक ऐकू येई. पुण्यात घराजवळच एक गॅरेज आहे. तिथे मी तीन-चार वर्षे सर्व्हिसिंग करून घेत होतो, म्हणून गाडी तिथेच दिली. ‘गॅस्केट बदलतो आणि टॅपेट सेट करून देतो,’ असे मिस्त्रीने सांगितले. या इंजिनात टॅपेटचे अंतर (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट) बदलायचे तर दोन्ही कॅमशाफ्ट उचलावे लागतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. ‘साहेब, कव्हर उघडलं तर आतल्या दोन कॅप तडकलेल्या निघाल्या. आधी कुणीतरी चुकीचं काम केलेलं दिसतंय. अशीच चालवली असती तर इंजिन बसलं असतं.’ पाठोपाठ फुटलेल्या तुकड्यांचे छायाचित्रही आले. पाठीवर घाम आलाच, पण त्याहून अधिक कृतज्ञता वाटली की माणसाने वेळेवर सांगितले. इथेच मी फसलो. संध्याकाळपर्यंत नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून माल आणल्याचे त्याने कळवले आणि तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली. पावती साध्या वहीच्या कागदावर होती: कॅमशाफ्ट कॅप, नवीन, दोन नग, ६,४०० रुपये, गॅस्केट व सील १,४००, ऑइल व फिल्टर २,८००, मजुरी ४,२००. एकूण १४,८०० रुपये. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, सुट्या भागाचा क्रमांकही नव्हता. मी तक्रार केली नाही. फुटलेले तुकडे मात्र, कशासाठी कोण जाणे, मागून घेतले होते. त्यांचाच पुढे उपयोग झाला.

गाडी जेमतेम ६०० किलोमीटर चालली. साताऱ्याला जाताना खंबाटकीचा घाट चढत असताना इंजिनातून आधी चिरका आवाज आला, मग एक ठोका बसला आणि गाडी जागीच बंद पडली. ऑइलचा लाल दिवा शेवटपर्यंत लागला नव्हता. टो करून गाडी परत आणली, पण त्या गॅरेजमध्ये न नेता एका मित्राच्या सांगण्यावरून भोसरीतील एका मशीनशॉपमध्ये नेली. तिथले काका गेली कित्येक वर्षे केवळ हेडचे, म्हणजे इंजिनातल्या सिलिंडरवरच्या भागाचे, काम करतात.

काकांनी टॅपेट कव्हर काढले आणि आत पाहून मला जवळ बोलावले. या इंजिनात प्रत्येक कॅमशाफ्टवर पाच, अशा एकूण दहा कॅप असतात. हवा आत घेणाऱ्या बाजूच्या कॅपवर आय-१ ते आय-५ आणि धूर बाहेर सोडणाऱ्या बाजूच्या कॅपवर ई-१ ते ई-५ असे कोरलेले असते. शिवाय कोणते तोंड कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या चेनच्या दिशेला हवे, हे दाखवणारा बाण असतो. काकांनी बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. आय-१, आय-२, आणि मग ‘ई-३’. पुन्हा आय-४, आय-५. पलीकडच्या रांगेत ई-१, ई-२, ई-३. ‘एका इंजिनात दोन ई-३ कुठून आले हो?’ ते म्हणाले. चुकीच्या जागी बसवलेल्या त्या ई-३ वरचे ‘ई’ कानशीने घासण्याचा प्रयत्न झाला होता, पण तिरप्या उजेडात अक्षर स्पष्ट वाचता येत होते. ई-४ च्या जागची कॅप तर उलटी बसवलेली होती. तिचा बाण मागच्या बाजूला होता.

त्यांनी मला जे समजावून सांगितले ते प्रत्येक गाडीमालकाला माहीत असायला हवे. कॅमशाफ्ट ज्या गोल खाचेत फिरतो तिचा खालचा अर्धा भाग हेडमध्ये असतो आणि वरचा अर्धा भाग कॅपमध्ये. कारखान्यात आधी कॅप हेडवर बोल्टने आवळतात आणि मग सगळ्या खाचा एका सरळ रेषेत एकदमच कापतात. त्यामुळे ती कॅप त्याच हेडची, त्याच जागेची आणि त्याच दिशेची असते; शेजारच्या जागीही ती चालत नाही, मग दुसऱ्या इंजिनाची कुठून चालणार? कॅमशाफ्ट आणि कॅप यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते आणि त्या फटीत ऑइलचा पातळ थर हाच एकमेव आधार असतो, कारण बहुतेक लहान इंजिनांत तिथे वेगळे बेअरिंग नसते, ॲल्युमिनियमवरच लोखंड फिरते. परक्या कॅपने ही फट एका बाजूला दाबली गेली, ऑइल पोहोचेना, आणि घाटात जोर पडताच कॅमशाफ्ट जॅम झाला. चेन दात सोडून सरकली आणि पिस्टनने चार व्हॉल्व्ह वाकवले. ऑइलच्या मुख्य नळीतला दाब ठीकच असल्याने लाल दिवा लागण्याचा प्रश्नच नव्हता.

मग मी ते जुने तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. काकांनी ते न पुसता उजेडात धरले. तुटलेली कड चांदीसारखी लखलखीत आणि खरखरीत होती. तडा जुना असता तर त्यात ऑइल मुरून ती काळपट तपकिरी झाली असती, असे ते म्हणाले. म्हणजे कॅप आधीपासून तडकलेल्या नव्हत्या. त्या गॅरेजच्या टेबलाजवळच फुटल्या होत्या. या कॅपचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करावे लागतात, कारण खालून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमशाफ्टला वर ढकलत असतात. कुणी एअर गन लावून एका टोकाचे बोल्ट सरळ काढले, तर सगळा ताण उरलेल्या कॅपवर येतो आणि ठिसूळ ॲल्युमिनियम तुटते. अशा लहान बोल्टांना आवळण्याचा टॉर्कही साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच, म्हणजे मनगटाच्या जोराचा असतो. तिथे एअर गनचे काय काम?

चूक कुणाच्याही हातून होते. ‘साहेब, माझ्याकडून कॅप फुटली,’ असे त्याने त्या दुपारी सांगितले असते, तर मी चिडलो असतो, पण अर्धा खर्च उचलून विषय संपवला असता. त्याने आपली चूक माझ्या गाडीचा जुना दोष म्हणून मलाच विकली, भंगारातल्या कॅप ‘नवीन’ म्हणून बसवल्या, आणि ते इंजिन केव्हातरी रस्त्यात जॅम होणार, हे त्याला कळत नसेल यावर माझा विश्वास नाही.

खात्री करण्यासाठी मी नाना पेठेतही जाऊन आलो. तीन दुकानांत या इंजिनाच्या कॅमशाफ्टची एक कॅप मागितली. दोघांनी ‘हेडबरोबरच येते, सुटी नाही’ असे सांगितले आणि तिसऱ्याने विचारले, ‘कुणी फोडली?’

दुरुस्तीचे दोनच मार्ग होते. एक, परक्या कॅप बसवून सगळ्या खाचा नव्याने एका रेषेत कापणे. पण आमच्या हेडच्या खाचा इतक्या ओरबाडल्या होत्या की काकांनी तो नाकारला. दुसरा, अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे हेड त्याच्या स्वतःच्या दहाही कॅपसह घेणे. आम्ही दुसरा निवडला. बोल्ट आवळण्याआधी त्यांनी मला दहाही आकडे मोठ्याने वाचायला लावले. हेड, व्हॉल्व्ह, चेन, मजुरी आणि टोइंग मिळून ६१,४०० रुपये झाले, आणि या वेळी पक्के बिल मिळाले.

गॅरेजवाल्याने आधी फोन उचलला नाही, नंतर ‘तुम्ही गाडी तापवली असेल’ असे उत्तर दिले. मी दोन्ही पावत्या, छायाचित्रे आणि काकांचा सहीशिक्क्याचा अभिप्राय जोडून त्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क लागत नाही, त्यामुळे वकिलाशिवायच अर्ज तयार करतो आहे. कच्च्या पावतीमुळे काम अवघड झाले आहे, हे मान्य करतो; फोनवर आलेले त्याचे संदेश आणि छायाचित्र मात्र जपून ठेवले आहे.

गेल्या आठवड्यात तो स्वतः घरी आला होता. पंधरा हजार रुपये रोख द्यायची त्याची तयारी होती. अट एकच होती: घासलेली ती ई-३ आणि तिची जोडीदार, या दोन कॅप मी त्याला परत द्याव्यात. मी नकार दिला आहे.