रामिप्रिल ५: बीपीला उत्तम, पण खोकल्याचं आधी कोणीतरी सांगा

रामिप्रिल ५ एमजी बरेच महिने घेतली, आता बदलली, म्हणून लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. १६०/१०० च्या आसपासचं बीपी १३० च्या घरात आलं, आधीच्या बीपीच्या गोळीवर, अॅम्लोडिपिनवर, घोटे सुजायचे ते बंद झालं, आणि जनऔषधीतून घेतली तर खिशालाही झळ नाही. तेव्हा विचारलं असतंत तर पाचपैकी पाच दिले असते.

मग खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव, रात्री आडवं झालं की जास्तच. ठाणे लोकलमध्ये खोकलो की शेजारचा माणूस तोंड फिरवायचा. घोडबंदर रोडला राहतो त्यामुळे सगळ्यांनी मेट्रोच्या कामाच्या धुळीवर खापर फोडलं. ज्या क्लिनिकने ही गोळी लिहून दिली तिथेच आधी सिरप, मग दुसरं सिरप, मग अॅलर्जीची गोळी, मग छातीचा एक्सरे, तो क्लिअर. घरी ज्येष्ठमध, अडुळसा, हळदीचं दूध चालूच. गोळीपेक्षा जास्त पैसे खोकल्यावर गेले आणि बीपीसाठी काय चालू आहे हे एकानेही विचारलं नाही, याचा मला अजून राग आहे.

शेवटी मावसबहीण, ती नर्स आहे, फोनवर माझा खोकला ऐकून म्हणाली, "दादा, बीपीची गोळी कुठली? रामिप्रिल, एनालाप्रिल असलं काही आहे का?"

मग वाचत बसलो. एसीई नावाचं एन्झाइम अँजिओटेन्सिन २ बनवतं, हे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढवून मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं. गोळी त्या एन्झाइमलाच अडवते, वाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. पण ब्रॅडिकायनिन नावाचं अंगातलं रसायन तोडायचं कामही तेच एन्झाइम करतं, ते अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं. त्याने वाहिन्या रुंदावतात म्हणजे बीपीला फायदाच, पण खोकलाही त्यानेच उठतो असं मानतात. त्यावर सिरप काय करणार?

वाचल्यावर गोळीवरचा राग मात्र गेला. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषातून हा धागा मिळाला, त्यातून याच प्रकारची कॅप्टोप्रिल ही गोळी आली, १९८१ ला अमेरिकेत मंजूर झाली. २००० च्या होप नावाच्या रामिप्रिलच्या मोठ्या चाचणीत ९ हजारांवर लोक होते, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा रामिप्रिलवाल्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून २२ टक्के कमी. ज्यांना खोकला होत नाही त्यांनी बिनधास्त चालू ठेवावी.

मला टेल्मिसार्टन दिली, ती एन्झाइमला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन २ जिथे चिकटतं ती जागाच बंद करते. काही आठवड्यांत खोकला गेला, बीपी तेवढंच. स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नका हं, डॉक्टरकडून बदलून घ्या. ओठ-जीभ सुजली तर थेट इमर्जन्सी. गरोदरपणात या दोन्ही चालत नाहीत. आणि कमी सोडियमचं मीठ आणत असाल तर आधी विचारा, त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळ्यांनी ते आधीच वाढू शकतं, माझी तर क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि पोटॅशियमची टेस्ट दोन्ही वेळा करायला लावली.

उरलेल्या सीलबंद स्ट्रिप मेडिकलवाल्याने बिल दाखवूनही परत घेतल्या नाहीत, भांडून आलो. नवीन गोळी असेल तर एकदम तीन महिन्यांची घेऊ नका, आधी एकच स्ट्रिप घ्या.