‘पासिंग नको, लायसन नको’ म्हणून घेतलेली स्कूटर

२०२३ च्या दसऱ्याला मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. घर कोल्हापुरात रंकाळ्याजवळ, नोकरी शिरोली एमआयडीसीत. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. शोरूमवाला म्हणाला, “साहेब, हिला पासिंग नको, लायसन नको, इन्शुरन्स नको. लिथियम बॅटरी, एका चार्जिंगला नव्वद किलोमीटर.” मग आवाज जरा खाली आणून, “आणि पळवायची असंल तर पन्नासनं पळते.” ७२ हजार रोख मोजले.

हे सगळं एकाच गाडीबद्दल खरं असूच शकत नाही. मोटर २५० वॉटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आणि वर पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी, एवढं जमलं तरच कायदा तिला मोटार वाहन धरत नाही. पन्नासनं पळाली की ती सरळ स्कूटर झाली. नंबर, लायसन, विमा सगळं आलंच. राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ सालीच असे बदल केलेल्या ई-बाईक धरायला सुरुवात केली होती. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, पन्नास ऐकून मी खूशच झालो होतो.

पाच-सहा महिने मजेत गेले. मग एका संध्याकाळी तावडे हॉटेलजवळ, मीटरवर दोन कांड्या दिसत असताना, गाडी जागेवर बसली. ढकलत गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या पोरानं सीट उचलली, पेटीचे स्क्रू काढले आणि माझ्याकडे बघितलं. आत बारा व्होल्टच्या पाच काळ्या बॅटऱ्या. जड लेड-ॲसिड, लिथियम नव्हेच. “दादा, एक उचलून बघा की.” एकीलाच दोन्ही हात लावावे लागले.

हिशेबही त्यानंच पेटीच्या झाकणावर खडूनं मांडला. ६० व्होल्ट गुणिले २८ अँपिअर-तास, १६८० वॉट-तास. पावणेदोन युनिट वीजसुद्धा नाही. जोरात पळवली की किलोमीटरला तीसेक वॉट-तास सहज जातात, आणि लेड-ॲसिड रोज तळापर्यंत ओढली तर लवकर मरते. कोरी असतानाच पन्नास-पंचावन्न किलोमीटरची गाडी, नव्वद कुठून देणार? मोटरची वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरजवळ एक छोटा प्लग सुटा ठेवून वर काळी टेप गुंडाळलेली होती. “हा जोडला की पंचवीस, सोडला की पन्नास,” पोरगं म्हणालं. मोटरवर मात्र २५० वॉटचा स्टिकर, तोही तिरका.

शोरूमवाल्यानं हात वर केले. “प्लग तुम्हीच काढला असणार. लिथियम मी म्हटलोच नाही.” बिलावर ‘ई-बाईक, १ नग’ एवढंच. बॅटरीचा प्रकार नाही, नंबर नाही, वॉरंटीचा शब्द नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “लिथियम कुठं लिहिलंय?” माझ्याकडे शोरूमवाल्याचं व्हिजिटिंग कार्ड होतं. मागे पेनानं ‘९०’ लिहिलेलं, पुढे कि.मी.सुद्धा नाही.

आता ती जिन्याखाली उभी आहे. पंचवीसवर आणून नव्या बॅटऱ्या टाकायच्या तरी खर्च आहेच, आणि स्टिकर तिरका असलेल्या मोटरवर माझा विश्वास उरलेला नाही. बायको तिच्यावर कांद्याची पिशवी ठेवते.

गेल्या महिन्यात मेहुण्याला गाडी बघायची होती, म्हणून सोबत गेलो. मॉडेलच्या मंजुरीचं सर्टिफिकेट मागितलं, बॅटरीचा प्रकार, अँपिअर-तास आणि नंबर बिलावर लिहून द्याल का विचारलं, आणि सीट उचलून पेटी उघडायला सांगितली. विक्रेता म्हणाला, किल्ली मालकांकडे आहे, मालक गावाला गेलेत. टेबलावर चहा आला होता. तो तसाच ठेवून आम्ही उठलो.