पीएस४ च्या मॅचेस लॅपटॉपवर रेकॉर्ड करतोय: दोन कॅप्चर कार्ड, नऊ महिने, सगळा अनुभव

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर पहिलं कॅप्चर कार्ड (गेमच्या कन्सोलचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं छोटं यंत्र) घेतलं, जानेवारीत दुसरं, आणि आता मे संपत आलाय. आठवड्यातनं तीन-चार दिवस तरी रेकॉर्डिंग असतंच, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. मी पहिलं कार्ड घेतलं ते पार्सल उघडून दुसऱ्याच दिवशी लिहिलेले रिव्ह्यू वाचून, आणि जे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं ते त्यातल्या एकानंही सांगितलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर.

आधी हे सगळं कशासाठी ते सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे इथल्याला सांगायला नको, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की सकाळपासनं पेठेत दुसरा विषयच नसतो. आम्ही पाच जणांनी पीएस४ वर पीईएस २०२१ या फुटबॉल गेममध्ये आमच्या पेठांच्या टीम बनवल्यात, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, सगळ्या. त्या गेमच्या एडिट मोडमध्ये पीएस४ वर पेनड्राइव्हमधनं जर्सीचे फोटो आत घेता येतात, एक्सबॉक्सवर ती सोय नाही. मामेभावानं एकेक जर्सी बसून काढलीय, कॉलरसकट. आणि मॅच चालू असताना आमच्यातला एक जण माइकवर कॉमेंट्री करतो, अस्सल कोल्हापुरी, "आवं धर की त्येला, गेला बग, गेला... हाणलाऽऽ!" अशी. हे सगळं त्याच दिवशी हवेत विरून जायचं. मला ते जपून ठेवायचं होतं.

आता कुणी म्हणेल पीएस४ ला शेअर बटण आहे की. आहे, आणि नुसती क्लिप पाहिजे असेल तर खरंच तेवढंच वापरा, पैसे घालवू नका. पण माझा पीएस४ स्लिम, तो ७२०पी (१०८०पी पेक्षा कमी बारकाव्याचं चित्र) आणि सेकंदाला ३० फ्रेमवर रेकॉर्ड करतो, मुळात १५ मिनिटांवर सेट असतो, वाढवून फार तर ६० मिनिटं. परत ते पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉपवर टाका, आणि कॉमेंट्रीचा आवाज वेगळा हातात येत नाही तो नाहीच. बॉल जोरात जातो तेव्हा ३० फ्रेममध्ये तो तुटक दिसतो, डोळ्याला खुपतं.

अजून एक, हा प्रश्न मला आत्तापर्यंत चार जणांनी विचारलाय: लॅपटॉपला एचडीएमआय आहे, मग थेट केबल का नाही लावायची? तर लॅपटॉपचा तो पोर्ट चित्र बाहेर द्यायला असतो, आत घ्यायला नाही. म्हणून तर मधी कार्ड लागतं.

पहिलं कार्ड साडेसातशेचं, ऑनलाइन घेतलेलं, नाव नसलेलं, अंगठ्याएवढं. डब्यावर ४के लिहिलेलं, प्लगच्या आतलं प्लास्टिक निळं म्हणजे बघणाऱ्याला वाटणार जास्त वेगाचं यूएसबी ३. लावलं आणि स्क्रीन काळी. अर्धा दिवस मी केबल बदलत बसलो, आणि कारण होतं एचडीसीपी. कॉपी होऊ नये म्हणून कन्सोल चित्र लॉक करून पाठवतो, ते कार्डाला उघडत नाही. पीएस४ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, तिथं 'एनेबल एचडीसीपी' ची टिक काढायची, झालं. पीएस५ वाल्यांना हेच सिस्टिमच्या आत एचडीएमआय मध्ये सापडेल. फक्त ध्यानात ठेवा, ही टिक काढली की पिक्चर-सिरियलची अ‍ॅप्स चालत नाहीत. आमच्यात आई रात्री त्याच पीएस४ वर सिरियल बघते, त्यामुळं रेकॉर्डिंग झालं की टिक परत लावायची ही माझी रोजची ड्यूटी. पीएस३ ला ही टिकच नाही, तिथं एचडीएमआय सोडून कॉम्पोनंट केबलनं रेकॉर्ड करायला लागतं.

चित्र आलं, पण खरा घोळ तिथनं पुढं. ४के म्हणजे ते कार्ड ४के सिग्नल आत घेतं एवढंच, बाहेर देतं १०८०पी ला ३० फ्रेम. आणि आतनं ते यूएसबी २ च. हे का अडतं बघा, १०८०पी ६० फ्रेम चित्र न दाबता पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला जवळपास २५० एमबी होतात आणि यूएसबी २ ची कागदावरची ताकदच ६० एमबी. मग कार्ड काय करतं, प्रत्येक फ्रेम जेपीजी फोटोसारखी दाबून पाठवतं, त्याला एमजेपेग म्हणतात, त्यामुळं मैदानाचं गवत सगळं लापशीसारखं दिसतं आणि लाल जर्सीच्या कडा फुटतात. मला कुणीतरी सांगितलं ओबीएसमध्ये (लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअर) फॉरमॅट वायूवाय२ कर, म्हणजे न दाबलेलं चित्र, क्लिअर दिसेल. केलं. क्लिअर दिसलं, पण सेकंदाला ५ फ्रेम! त्या कार्डात तेवढंच बसतं. शेवटी ७२०पी ६० फ्रेम एमजेपेग ठेवलं, फुटबॉलला मला तेच बरं वाटलं, चित्र थोडं लहान पण बॉल सलग दिसतो. आवाज मात्र मोनोच यायचा, स्टेडियमचा गोंगाट एका नळीतनं आल्यागत.

साडेसातशेत हे वाईट आहे का? नाही. पत्त्यांचे गेम, कोडी, आरपीजी, जिथं पळापळ नाही तिथं मी हेच घ्या म्हणेन. त्यावर आम्ही चार महिने काढले, दोन पूर्ण लीग रेकॉर्ड केल्या. फक्त त्याला लूप आउट नाही, म्हणजे टीव्हीला वेगळं चित्र जात नाही, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर बघून खेळायला गेलं तर चित्र मागं पडतं, पेनल्टीला गोलकीपर उडी मारतो तोवर बॉल जाळीत. ओबीएसमध्ये बफरिंग बंद केलं की फरक पडतो पण पुरेसा नाही. मग एचडीएमआय स्प्लिटर घेतला, एक वायर टीव्हीला, एक कार्डाला. टीव्हीवर बघून खेळायचं, लॅपटॉपकडं नुसतं रेकॉर्डिंग.

जानेवारीत पाच जणांनी वर्गणी काढून साडेसहा हजाराचं दुसरं घेतलं. यावेळी तीनच गोष्टी बघितल्या: खरंखुरं यूएसबी ३, १०८०पी ६० फ्रेम रेकॉर्डिंग (नुसतं इनपुट नव्हे), आणि लूप आउट. लावल्या दिवशी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता जर्सीवरचं नाव वाचाय येतंय की!" पैसे तिथंच वसूल झाले माझ्या मते. पाच महिन्यात एकदाही बंद पडलं नाही. दोन तक्रारी आहेत. एप्रिलच्या उन्हात दोन तास चाललं की हात लावू देत नाही एवढं तापतं, मी ते आता गादीवर न ठेवता स्टीलच्या ताटलीवर ठेवतो. आणि यूएसबी हबमधनं लावलं की फ्रेम गळतात, थेट लॅपटॉपच्या पोर्टलाच लावायला लागतं. सुरुवातीला रंग धुतल्यासारखे दिसत होते, ते कार्डाचं नव्हतं, पीएस४ चं एचडीआर (उजेड-रंग जास्त दाखवायची सोय) चालू होतं आणि ओबीएसमधली कलर रेंज जुळत नव्हती. दोन्ही नीट केलं, गेलं.

ओबीएसबद्दल काय बोलू, फुकट आहे आणि मला त्यात एवढ्या महिन्यात न सापडलेली गोष्ट नाही. लॅपटॉपला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) एनव्हेंक करा, इंटेलचंच असेल तर क्विक सिंक, म्हणजे प्रोसेसरवर भार येत नाही. मी १२ एमबीपीएस ठेवतो, तासाला साडेपाच जीबीच्या आत बसतं.

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच पाहिजे, कारण आमच्या व्हिडिओत जीव कॉमेंट्रीचाच आहे. गेमचा आवाज एका ट्रॅकवर, माइक दुसऱ्या ट्रॅकवर. मधीच कुकरची शिट्टी झाली, गल्लीतनं वरात गेली, तरी तेवढा माइकचा तुकडा कापता येतो, गेमचा आवाज तसाच राहतो. दुसरं म्हणजे माइक थेट लॅपटॉपला आणि चित्र कार्डातनं फिरून येतं, म्हणून कॉमेंट्री चित्राच्या आधी पळते, गोल व्हायच्या आत "हाणला" ऐकू येतं. मी काय केलं, एकदा माइक टीव्हीजवळ ठेवून रेफ्रीची शिट्टी रेकॉर्ड केली. ती शिट्टी दोन्ही ट्रॅकवर येते, दोन्हीतलं अंतर मोजलं, माझ्याकडं १२० मिलिसेकंद निघालं, ते ओबीएसमध्ये माइकच्या सिंक ऑफसेटमध्ये (आवाज तेवढा मागं सरकवायची जागा) टाकलं. तेव्हापासनं चपखल. तुमचा आकडा वेगळा येणार, मोजूनच टाका. आणि हेडफोन कंट्रोलरला लावून 'ऑल ऑडिओ' ठेवलं तर कार्डाकडं गेमचा आवाजच जात नाही, आमची एक अख्खी सेमीफायनल मुकी रेकॉर्ड झालीय.

आता सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट. एप्रिलमध्ये फायनल होती, दिलबहार आणि खंडोबा, पेनल्टीवर गेलेली. बाहेर वळीव सुरू झाला, कडकडाट, आणि लाईट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, तो चार्जरवरच चालतो, तो पण बंद. मी रेकॉर्डिंग एमपी४ मध्ये ठेवलं होतं कारण पोरांच्या फोनवर एमकेव्ही, म्हणजे व्हिडिओ फाइलचा दुसरा प्रकार, चालत नव्हतं. लाईट आल्यावर बघतो तर चार जीबीची फाइल आहे पण उघडतच नाही. एमपी४ मध्ये कुठलं चित्र फाइलीत कुठं आहे याची यादी फाइलच्या शेवटी लिहिली जाते, मधीच बंद पडलं की सगळंच गेलं. एमकेव्हीत जेवढं झालं तेवढं राहतं. त्या दिवशी कॉमेंट्रीला बसलेला मित्र जूनमध्ये नोकरीला बेंगळुरूला चाललाय, ती त्याची शेवटची फायनल होती. मी दोन दिवस फाइल दुरुस्त करायच्या मागं होतो, नाही झाली. तेव्हा हात जोडून सांगतो, एमकेव्हीतच रेकॉर्ड करा आणि नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतनं 'रिमक्स' करून एमपी४ बनवा, दोन मिनिटं लागतात आणि क्वालिटी तसूभर कमी होत नाही.

सध्या एक नवीन खूळ घेतलंय. थोरल्या भावाचा जुना पीएस२ माळ्यावरनं काढला, त्याच्या ८ एमबीच्या मेमरी कार्डवर त्याच्या कॉलेजच्या दिवसातली टीम अजून जशीच्या तशी आहे. तो एचडीएमआयचा नाही, पिवळी-पांढरी-लाल वायरवाला, म्हणून त्याला वेगळं स्वस्तातलं एव्ही कार्ड लावलं. आमचा पाल मॉडेल आहे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र देणारा, त्यामुळं ओबीएस ५० फ्रेमवर ठेवायचं, ६० वर नाही, नाहीतर हिसके बसतात. पळणाऱ्या खेळाडूच्या अंगावर कंगव्यासारख्या आडव्या रेघा येत होत्या, सोर्सवर राइट क्लिक करून डिइंटरलेसिंग 'याडिफ २एक्स' केलं, गेल्या. परवा भाऊ पुण्यासनं आलेला, त्यानं स्वतः दोन मॅच खेळल्या, दोन्ही एमकेव्हीत घेतल्यात.

कुणी पीएस३ कॉम्पोनंटनं रेकॉर्ड करत असाल तर कुठलं कार्ड वापरताय ते सांगा, पुढचा नंबर त्याचा आहे.