गाडगीळ की कस्तुरीरंगन? ग्रामसभेत हात वर करण्याआधी

आमच्याकडे परत तोच विषय सुरू झालाय, गाव इको सेन्सिटिव्ह, म्हणजे खाणी-कारखान्यांवर बंधनं असलेलं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, हवं की नको, आणि हवं तर पश्चिम घाटाबद्दलच्या गाडगीळ आणि कस्तुरीरंगन या दोन समित्यांपैकी कुणाच्या अहवालातलं. बहुतेकांनी दोन्हीतला एकही वाचलेला नाही, "घराची कौलं बदलायला पण परवानगी लागणार" एवढंच ऐकलंय. तसं काही नाहीये. असं क्षेत्र जाहीर करायच्या केंद्राच्या अधिसूचनेच्या मसुद्यात जुन्या घराच्या दुरुस्तीला, वाढवायला बंदी नाही आणि जमीन विकायलाही नाही.

आधी हद्द. गाडगीळ समितीने 2011 ला अख्खा पश्चिम घाट संवेदनशील धरून तीन झोन केले, पण हिशोब तालुक्यावर, म्हणजे डोंगरावरची वाडी आणि खालची बाजारपेठ एकाच रंगात, त्यामुळे लोक भडकले ते मला पटतं. पण हे झोन तात्पुरते आहेत, शेवटची हद्द गावांशी बोलून ठरवा असं त्यातच लिहिलंय, ते मात्र कुणी सांगत नाही. सिंधुदुर्गातल्या 25 ग्रामसभांनी तर आम्हाला संवेदनशील करा असे ठराव स्वतःहून दिले होते! कस्तुरीरंगन समितीने 2013 ला सॅटेलाइट नकाशावरून साधारण 37 टक्के घाट निवडला. तिथे हिशोब गावावर, 20 टक्के भाग नैसर्गिक निघाला की अख्खं गाव आत. यादी सुटसुटीत झाली, पण गावाला विचारलं कुणी?

बंदीचं म्हणाल तर कस्तुरीरंगनमध्ये खाणी, दगड-वाळू उपसा, औष्णिक वीज, लाल वर्गातले (सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे) कारखाने आणि 20,000 चौरस मीटरच्या वरची बांधकामं बंद, चालू खाणी 5 वर्षांत बंद करायच्या. शेतीला हात नाही. गाडगीळ त्याच्या पुढे जातात, झोन 1 मध्ये मोठं धरण नको, गावठाण वाढ सोडून शेतजमीन एनए (बिगरशेती) नको, रासायनिक कीटकनाशकं 5 वर्षांत बंद. आंबा बागायतदाराला हे जड जाणार हे मान्य, फवारणीशिवाय मोहर टिकवणं सोपं नाही.

पण गाडगीळांचा अहवाल मला जवळचा वाटतो तो पैशाच्या हिशोबामुळे. आमच्या सड्यावर (डोंगरावरच्या कातळी पठारावर) चिऱ्याची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाची खाण आहे, मशीन चालू झालं की तांबडी धूळ उडते आणि ऐन मोहरात काजूवर बसते, आणि काकांच्या विहिरीला पूर्वी मेपर्यंत पाणी असायचं ते आता मार्चमध्येच तळाला जातं. चिरा विकला ते उत्पन्न धरलं जातं, मग टँकर मागवावा लागतो तर त्याचं बिलही कुणाच्या तरी उत्पन्नातच धरलं जातं, विहीर आटली ते मात्र कुठल्याच वहीत नाही. गाडगीळ म्हणतात देवराई राखणाऱ्याला, सेंद्रिय शेती करून जमिनीत कार्बन वाढवणाऱ्याला थेट पैसे द्या. कस्तुरीरंगननेही मोबदल्याची भाषा केलीये पण ती वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या आयोगाच्या वाटेने. चौदाव्या वित्त आयोगाने या वाटपात जंगलाला 7.5 टक्के आणि पंधराव्याने 10 टक्के वजन दिलं खरं, पण तो पैसा जातो राज्याच्या तिजोरीत आणि वाडीपर्यंत काय पोचतं ते आपण बघतोच.

आता प्रत्यक्षात समोर आहे ती कस्तुरीरंगनवर बेतलेली अधिसूचना, आणि तीही 2014 पासून नुसती मसुद्यातच. सहावा मसुदा 31 जुलै 2024 ला निघाला, वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सावंतवाडी-दोडामार्गच्या 25 गावांसाठी तर लोकांना हायकोर्टात जावं लागलं, मार्च 2024 मध्ये कोर्टाने ती संवेदनशील जाहीर करायला सांगितलं.

म्हणून माझं मत विचाराल तर गाव यादीत असेल तर सरसकट "विरोध" असा ठराव करू नका, त्याचा फायदा फक्त खाणवाल्यांना होतो. कस्तुरीरंगनची खाणबंदी घ्या आणि ठरावात गाडगीळांच्या दोन गोष्टी मागा, हद्द सर्व्हे नंबरनुसार ग्रामसभेत ठरवायची आणि देवराई, झरे राखण्याचे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात. जिथे शंभर टक्के आंबा बागायत आहे तिथे कीटकनाशकांचा मुद्दा वेगळा ठेवा, नाहीतर सगळा ठरावच पडेल. आणि जाताना विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी असतं, दहा वर्षांपूर्वी किती असायचं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून कागदावर लिहून न्या, सभेत ते वाचून दाखवा.