पेरूला बहार कोणता धरावा, आंबे की मृग?

बहार म्हणजे झाडाला फुलं येऊन फळं धरण्याचा हंगाम. इंदूरजवळच्या राऊलगत आमच्या बागेत दोन्ही बहार मी धरून पाहिलेत. झाडं सरदारची, म्हणजे लखनौ-49. नाव लखनौचं असलं तरी हा वाण 1927 साली पुण्यात गणेशखिंडीला निवडला गेला. इंदुरात मात्र सगळे पेरूला जामच म्हणतात.

आंबे बहाराला फारसं काही करावं लागत नाही. थंडी ओसरली की नवी फूट येते, तिच्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं, जुलै-ऑगस्टमध्ये फळं. माल भरपूर निघतो. पण उन्हाळाभर पाणी पुरवावं लागतं आणि फळ पिकतं ते ऐन पावसात.

माझं मन तिथेच उडालं. राखीला ताई आली म्हणून टोपलीभर जाम काढले. वरून पिवळे, घमघमणारे. सालीवर टाचणी टोचल्यासारखा एखादाच ठिपका. सुरी घातली तर गर पाणचट, त्यात पांढऱ्या अळ्या, आणि एक तर ताटलीतून टुणकन उडाली. ताईने काही न बोलता ताटली बाजूला सारली. फळमाशी सालीखाली अंडी घालते, त्यामुळे बाहेरून कळतच नाही. पुढच्या वर्षी नर माश्यांना वासाने ओढणाऱ्या मिथाईल युजेनॉलचे सापळे टांगले. त्यात नर ढिगाने पडले, पण आसपासच्या बागांतून माशा येतच राहिल्या.

मृगासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. फेब्रुवारीपासून पाणी तोडायचं. पानं पिवळी पडून झडतात, आलेली फुलंही गळतात. पहिल्या वर्षी ते बघवत नाही. मेमध्ये शेंडे छाटायचे, जूनमध्ये खत घालायचं. पावसावर आलेल्या फुटीला फुलं धरतात आणि नोव्हेंबर ते जानेवारी फळ मिळतं. आमची विहीर एप्रिलातच तळ गाठते, त्यामुळे पाणी तोडणं सोयीचंच पडलं. माल थोडा कमी येतो, पण माळव्यातल्या थंड रात्रींत फळ सावकाश पिकतं. गोडी आणि करकरीतपणा वेगळाच. माशीचा त्रासही तेव्हा नावालाच.

आमची जमीन मुरमाड, म्हणून ताण लवकर बसला. खोल काळ्या जमिनीत ओल हटत नाही. तिथे छाटणीवर आणि आंबे बहाराची फुलं हाताने खुडण्यावर भर द्यावा लागेल. लहान झाडांना मात्र ताण देऊ नये असं मला वाटतं.

यंदा संक्रांतीला ताईकडे जाम पाठवले. तिने सुरी घेतलीच नाही, सरळ दातांनी तोडून खाल्ले.