सुरक्षा परिषदेच्या सुधारणांवरील परिसंवाद : विषय कसदार, चर्चेला वेळ अपुरा

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या पुनर्रचनेवर चर्चगेट परिसरातील एका सभागृहात झालेला एकदिवसीय परिसंवाद अभ्यासकांनी आवर्जून ऐकावा असा होता. परिषदेची सदस्यसंख्या ११ वरून १५ करणारी, १९६३ मध्ये संमत होऊन १९६५ मध्ये अमलात आलेली सनददुरुस्ती केवळ अस्थायी जागांपुरती होती आणि कलम १०८ नुसार पुढील कोणत्याही दुरुस्तीला दोन-तृतीयांश सदस्यराष्ट्रांबरोबरच पाचही स्थायी सदस्यांचे अनुसमर्थन (औपचारिक मंजुरी) लागते, हे सकाळच्या वक्त्यांनी इतक्या स्पष्टपणे उलगडले की स्थायी सदस्यत्वाची भारताची मागणी नेमकी कोठे अडते, हे नवख्या श्रोत्यालाही समजावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक याच शहरात, ताजमहाल पॅलेसमध्ये झाली होती. २६/११ सोसलेल्या मुंबईला हा विषय परका नाही, आणि भरलेल्या सभागृहाने मला त्याची खात्री दिली.

दुपारचे हवामान-वित्तावरील, म्हणजे हवामानबदलाला तोंड देण्यासाठीच्या निधीवरील, सत्र मात्र घाईचे वाटले. चर्चेसाठी राखलेला बराचसा वेळ सत्कार आणि स्वागतपर भाषणांत गेल्याने विद्यार्थ्यांचे प्रश्न अनुत्तरित राहिले, आणि हे मला खरोखर खटकले. निबंध आधी वाटले गेले असते आणि मराठीतून प्रश्न विचारण्याची सोय असती, तर महाविद्यालयांतून आलेली तरुण मंडळी अधिक मोकळेपणाने बोलली असती. शुल्क माफक होते.