तयार आराखडा की स्वतःची वही? प्रश्न तेराव्या पोराचा

पाऊस सरला, दसरा झाला, की आमच्या वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यावर संध्याकाळी दोन गर्दी दिसतात. एक रापणीभोवतीची, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याभोवतीची, दुसरी फुटबॉलमागे धावणाऱ्या पोरांची. याच सुमारास दरवर्षी कोणीतरी नवा उत्साही माणूस विचारतो, "पोरांना शिकवायला घेतोय. सरावाचे तयार आराखडे मिळतात ते घेऊ, की तुमच्यासारखी वही घालू?"

मी दोन्ही करून बसलोय. पहिले दोन हंगाम मोबाइलवरच्या तयार आराखड्यांवर काढले, वर्गणी भरून. पुढचे तीन वहीवर. तेव्हा मत देतो, पण ते एका किनाऱ्यावरच्या, दहा ते चौदा वयाच्या पोरांपुरतं आहे एवढं धरून चाला.

तयार आराखडा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असणारच. दीड तासाचे चार-पाच तुकडे, प्रत्येकाला आकृती, बाण, मिनिटं. चेंडू कुठे जाईल, पोरगा कुठे धावेल, सगळं ठरलेलं.

आधी त्याची बाजू घेतो, कारण ती खरी आहे. मी स्वतः पुढच्या फळीत खेळायचो. वही हातात घेतली त्या पहिल्या हंगामातली पानं आज उलटली तर लाज वाटते. ऑक्टोबरच्या बारा सरावांपैकी नऊ सरावांत गोलवर फटके! पोरंही खूश, मीही खूश. बचाव कसा करायचा, चेंडू हरवल्यावर पहिली तीन पावलं कुठे टाकायची, हे मी दिवाळीपर्यंत शिकवलंच नाही. तयार आराखडा ही खोड लागू देत नाही. या आठवड्यात चेंडू ताब्यात घेणं, पुढच्यात एकास एक, त्याच्या पुढच्यात दोघांनी मिळून अडवणं, असा क्रम त्यात कोणीतरी विचार करून लावलेला असतो. वहीला असा कोणी मालक नसतो. वही तुमच्याच आवडीनिवडी तुम्हाला परत वाचून दाखवते.

वॉर्म-अपचंही तसंच. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा जो क्रम आहे, तीन भाग, पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं, तो दुखापती टाळण्यासाठीच बांधलेला आहे. लहान पोरांसाठी त्याची वेगळी आवृत्तीही आहे. असल्या बाबतीत स्वतःचं डोकं चालवू नये. मी आजही ते पान जसंच्या तसं वहीत चिकटवून ठेवलंय.

भाषा, नेटवर्क, उन्हात न दिसणारा स्क्रीन, ओल्या वाळूच्या हातांनी न सरकणारं पान, या तक्रारी लोक करतात, पण मला त्या किरकोळ वाटतात. आकृतीला भाषा लागत नाही आणि पान घरून पाहून निघता येतं. खर्चाचंही तेच. वर्षाच्या वर्गणीत दोन बरे चेंडू येतात, म्हणजे मोठा सवाल नाही, पण अगदीच विसरण्याजोगाही नाही.

माझा निर्णय झाला तो तेराव्या पोरामुळे. (तेरावा म्हटलं की आमच्या घरी अजून दचकतात. तो तेरावा नव्हे.)

त्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं: खेळाडू बारा. तीन-तीनचे चार गट, प्रत्येक गटात दोघे चेंडू राखणार, एक हिसकावणार, दर दीड मिनिटाला अदलाबदल. सुरेख ड्रिल. मी दुपारी बसून पाठ केलं, चार चौकोन आखले, खुणेच्या प्लास्टिकच्या बशा मांडल्या. पोरं आली तेरा. चार गट झाले आणि वरच्या वाडीतला एक बारका पोरगा कडेला उरला. त्याने अगदी सरळपणे विचारलं, "सर, मी खंय उभो रवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला घड्याळ दिलं आणि दीड मिनिट झालं की ओरडायला सांगितलं. त्याने इमानाने ते काम केलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. चार दिवसांनी दिसला तेव्हा क्रिकेट खेळत होता.

आराखड्याच्या तळाशी एक ओळ असायची, संख्येनुसार बदल करावा अशा अर्थाची. बदल कसा करावा हे कुठेच नसायचं. आणि हा प्रसंग एकदाचा नव्हे. दोन हंगामांत पानावरचा आकडा आणि वाळूवरचा आकडा जुळला असे दिवस मला हाताच्या बोटांवर आठवतात. बारा सांगितले की नऊ, सोळा सांगितले की अकरा, आठ सांगितले की शाळा लवकर सुटली म्हणून एकवीस.

यात पोरांचा दोष नाही. आमच्याकडे संख्या ठरते ती भलत्याच गोष्टींवर. वरच्या वाड्यांची एसटी आली तर पाच जण, चुकली तर शून्य. रापण लागली की ज्यांच्या घरचा त्यात हिस्सा आहे ती पोरं सराव अर्ध्यावर सोडून दोर ओढायला पळतात, आणि पळायलाच हवं, संध्याकाळची मासळी त्यावर असते. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार बघून आलेली अर्धी टीम डोळे चोळत येते. शिमग्यात तर कोणी दिसेल ही आशाच सोडायची. ज्यांनी ते आराखडे बनवले त्यांच्याकडे हजेरीपट असेल, आईवडील गाडीने सोडत असतील, कुंपण घातलेली हिरवळ असेल. त्यांची चूक म्हणता येत नाही. पण मैदानात उभा मी होतो, आणि कडेला उभा तो पोरगा.

दुसरी अडचण याच्याच पोटातली, ती जागेची. पानावर लिहिलेलं असतं, चाळीस बाय तीस. आमचं मैदान रोज वेगळ्या मापाचं. भरती-ओहोटी दिवसाला सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज पाच वाजता जिथे ओली, घट्ट, पळायला अव्वल वाळू मिळाली, तिथे आठवडाभराने त्याच वेळी पाणी. मच्छीमारांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास पुरी ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर हटलेलं. तेव्हा मैदान एवढं मोठं की पोरं त्यात हरवतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. ऐन सरावाच्या वेळी पाणी वर. भांगाचे, म्हणजे भरती कमी चढण्याचे दिवस असतात म्हणून सुरूच्या झाडांपर्यंत येत नाही, पण हातात उरते ती मऊ, पाय रुतणारी चिंचोळी पट्टी. तिथे लांब पासचं ड्रिल काढलं की चेंडू एकतर समुद्रात नाहीतर सुरूच्या बनात. ज्यांना किनारा नाही त्यांच्याकडे जांभ्याचं पटांगण असतं. तिथे घसरून चेंडू काढायचा सराव घेतलात तर दुसऱ्या दिवशी पालक गुडघे दाखवायला येतात.

हे सगळं तयार आराखड्यात बसवता येत नाही असं नाही. हुशार प्रशिक्षक बसवत असतील. मला जमलं नाही. रोज दुपारी पान उघडायचं, संध्याकाळी किती येतील त्याचा अंदाज बांधायचा, जागेचा अंदाज बांधायचा, मग सगळं मोडून नव्याने मांडायचं. एवढं करायचंच तर आधीच मोडता येईल असं काहीतरी का लिहू नये, असं वाटायला लागलं आणि बाजारातून दोनशे पानी वही आणली.

वहीत काय लिहितो ते सांगतो, कारण कोरी वही म्हणजे योजना नव्हे. मनाला येईल ते खेळवणं हा तिसरा मार्ग आहे, पण त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

पानाच्या डोक्यावर तिथी. तिच्याखाली जागा: 'रुंद', 'पट्टी' किंवा 'पटांगण'. त्याखाली दिवसाचा एकच विषय, एका वाक्यात. उदाहरणार्थ, 'चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघणं.' आणि मग ड्रिल नव्हे, खेळ. चारच खेळ आहेत माझ्याकडे, गेली तीन वर्षं तेच. प्रत्येकापुढे तीन आकडे असतात: कमी आले तर, बरोबर आले तर, जास्त आले तर.

पहिला रॉन्डो. कडेचे चेंडू फिरवणार, आतले पकडणार. चारास एक, पाचास दोन, सहास दोन, कितीही आले तरी वर्तुळ ताणता येतं. बार्सिलोनामुळे जगभर गाजलेला हा प्रकार आमच्या पोरांना आधीपासून येत होता. मधल्याला चुकवून चेंडू फेकायचा खेळ तो हाच, चेंडू हाताऐवजी पायाने खेळायचा, एवढाच फरक.

दुसरा चार गोलांचा तीनास तीन. हा फुनिन्यो नावाने ओळखला जातो, होर्स्ट वाईन या जर्मन प्रशिक्षकाने रूढ केला. गडी मूळचा हॉकीवाला, म्हणून की काय, गर्दीतून बाजू बदलण्यावर या खेळात भर. दोन्ही टोकांना दोन-दोन छोटे गोल. समोरचा गोल अडला की दुसरीकडे वळायचं, आणि त्यासाठी मान वर करावीच लागते. आमचे गोल चपलांचे. वाऱ्याने बशा उडतात, चपला उडत नाहीत. टाचेने ओढलेली रेघ ओल्या वाळूवर अर्धा तास टिकते, तेवढी पुरते.

तिसरा एकास एक, चौथा शेवटचा मोकळा सामना. त्यांच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

आता तेरावा. तीनास तीनचे दोन सामने, बारा झाले, एक उरला. फुटबॉलच्या शिक्षणात याला न्यूट्रल म्हणतात, ज्याच्या पायात चेंडू असेल त्या संघाकडून तो खेळतो. पहिल्यांदा समजावून सांगायला गेलो तर पोरं माझ्याकडे बघत राहिली. मग एक जण म्हणाला, "म्हणजे कॉमन!" बस्स. गल्ली क्रिकेटात दोन्हीकडून बॅटिंग करणारा कॉमन प्रत्येकाला ठाऊक असतो. दूधभात नव्हे हं, दूधभात म्हटलं की बारा वर्षांचा पोरगा तोंड फुगवून घरी जातो. कॉमनचा मान वेगळा. चेंडू कोणाकडेही असो, तो खेळातच. दहा मिनिटांत सगळ्यांत जास्त चेंडू त्याच्या पायाला लागतो.

मी एकदा दोन्हीकडचं मोजलं होतं, सहज म्हणून. तयार आराखड्यातलं गोलवर फटक्यांचं रांगेचं ड्रिल चालू असताना एका पोरावर नजर ठेवली, वीस मिनिटांत अकरा वेळा चेंडू. पुढे वहीच्या काळात तोच पोरगा कॉमन होता, मी पन्नासपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. हा काही अभ्यास नव्हे, पोरगाही मधल्या काळात वाढला होता, हे मान्य. तरीही.

उद्या समजा तुमच्याकडे शाळेचं मैदान आहे, तासिका ठरलेली आहे, वर्गात अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीसच, तर बिनदिक्कत तयार आराखडे घ्या. तुमचा वेळ वाचेल आणि माझ्यासारखे नऊ दिवस फटकेबाजीत जाणार नाहीत. तुम्ही नसताना दुसऱ्या शिक्षकाला पान हातात देता येईल, हाही मोठा फायदा. माझी वही माझ्याशिवाय कोणाला लागत नाही. मागे मी आठवडाभर आजारी होतो तेव्हा बदली आलेल्या मित्राने 'पट्टी, 9/13/16, मान' एवढं वाचून फोनच केला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्यांचा विचार असेल तरीही आकृत्यांची आणि मिनिटांच्या हिशेबाची सवय आत्तापासून लावलेली बरी.

पण किनारा असेल, एसटीच्या भरवशावरची पोरं असतील आणि मदतीला दुसरा माणूस नसेल, तर मी वहीच म्हणेन. फार तर विषयांचा क्रम तयार आराखड्यातून घ्या, महिन्याचे चार विषय वहीच्या पहिल्या पानावर उतरवा, म्हणजे माझी चूक टळेल. वॉर्म-अप तिथूनच घ्या. बाकीचं मैदानात उभं राहून आकडा दिसल्यावर.

वही मात्र पुठ्ठ्याच्या बांधणीची घ्या. स्पायरलच्या तारेत वाळू अडकते आणि पानं फाटतात. पेनऐवजी पेन्सिल. खाऱ्या हवेत शाई पसरते हे मला एका पूर्ण डिसेंबरच्या नोंदी गेल्यावर कळलं.

उद्या दशमी. साडेसातची भरती, म्हणजे पाच वाजता पाणी चढतीला, तेव्हा पट्टीच. विषय लिहून ठेवलाय: दोघांनी मिळून अडवणं. पुढे आकडे 9, 14, 19. सकाळी रापणकरांच्या होड्या तयार दिसल्या, त्यामुळे बहुतेक नऊच.